क्लिक पेन फायबर क्लीनर: धुळीला भारी, तेलकट डागाला एकटा अपुरा

पॅनलच्या मागे लागलेला ऑप्टिकल फायबरचा (प्रकाशातून डेटा नेणाऱ्या काचेच्या तंतूचा) कनेक्टर न काढता पुसायचा असेल, तर क्लिक पेनइतकं सोयीचं हत्यार दुसरं नाही. पेनचं टोक अ‍ॅडॅप्टरमध्ये (दोन कनेक्टर समोरासमोर जोडणाऱ्या खाचेत) सरळ घालून 'टक्' वाजेपर्यंत दाबलं की आतला बारीक दोरा फेरूलच्या (कनेक्टरच्या टोकाला तंतू धरून ठेवणाऱ्या बारीक नळीच्या) तोंडावरून फिरतो आणि मळलेला भाग आत गुंडाळला जातो. दर वेळी दोरा कोरा, ही याची खरी जमेची बाजू.

घेताना माप बघा. फेरूलच्या जाडीनुसार एलसी जातीच्या कनेक्टरला 1.25 मिमी, तर एससी, एफसी आणि एसटीला 2.5 मिमी. अनेक तंतू एकत्र जोडणाऱ्या एमपीओ कनेक्टरचा पेन वेगळाच येतो. पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर केबल) पुसताना पुढची गाइड कॅप तशीच ठेवून फक्त तिचं झाकण उघडायचं. अ‍ॅडॅप्टरमध्ये घालताना ती पूर्ण काढायची. पेन तिरका धरला तर दोरा तोंडाला नीट टेकत नाही, उलट स्लीव्हच्या (अ‍ॅडॅप्टरच्या आतल्या नळीच्या) भिंतीवरची धूळ घेऊन येतो. हिरव्या एपीसी कनेक्टरचं तोंड 8 अंशांनी तिरपं असतं, त्यामुळे पेन एपीसीला चालतो असं पाकिटावर लिहिलंय ना, ते वाचून घ्या.

सुक्या धुळीला एक-दोन टक् पुरतात. बोटाचा तेलकट डाग मात्र सुक्या दोऱ्याने निघण्याऐवजी पसरतो. तिथे लिंट-फ्री (धागे न सोडणाऱ्या) वाइपच्या एका कोपऱ्यावर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब टाका, फेरूल ओल्या भागावरून कोरड्या भागाकडे एकाच दिशेने ओढा आणि मग पेन वापरा. अल्कोहोल तसंच वाळू दिलं तर तोंडावर कडं उमटतं. कॅनमधल्या हवेवर विसंबू नका, चिकटलेला कण तिने हलत नाही.

सिंगल मोड फायबरचा कोअर (प्रकाश वाहून नेणारा मधला भाग) जेमतेम 9 मायक्रॉनचा. तेवढाच कण नेमका मधोमध बसला तरी लॉस (प्रकाशाची घट) वाढतो, आणि तसाच जोडला तर दाबाने काचेवर कायमचा खड्डा पडतो. मग कितीही पुसा, टोक नव्याने पॉलिश करा किंवा कनेक्टर बदला, तिसरा उपाय नाही.

म्हणून नुसता पेन घेऊ नका, सोबत व्हिडिओ स्कोप (फेरूलचं तोंड पडद्यावर मोठं करून दाखवणारा) हवाच. बघा, पुसा, पुन्हा बघा, मगच जोडा; आणि समोरचं टोकही पुसा, नाहीतर तिकडची घाण इकडे येते. साध्या भिंगाच्या स्कोपने चालू फायबर कधीही बघू नये: 1310 आणि 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करतो. पॉवर मीटरने (फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्राने) लाइन बंद असल्याची खात्री करूनच डोळा लावा.

पेनची एक उणीव राहते. दोरा मुख्यतः मधला भाग पुसतो, फेरूलच्या कडेची धूळ तशीच राहते आणि पुढच्या जोडणीत मध्ये सरकू शकते. कडेसाठी रिळाची कॅसेट (पुसायची फीत भरलेली डबी) जास्त चांगली. डस्ट कॅपवरही भरवसा नको, टोपी आतून मळकी असतेच; नवीन पाकीटबंद पॅचकॉर्डसुद्धा पुसूनच लावा.

बहुतेक पेनांवर 500 किंवा जास्त वेळा पुसता येईल असं लिहिलेलं असतं, पण बऱ्याच पेनांना काउंटर नसतो. स्कोपमध्ये डाग जागचा हलेनासा झाला की आधी दोरा संपला का ते तपासा.