कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलली : दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

दर महिन्याला क्रेडिट कार्डाच्या बिलावरची फक्त ‘किमान रक्कम’ भरणंच ज्यांना जमतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. पगार २४ हजार. आईच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेत करावं लागलं तेव्हा घरातलं सोनं आधीच पतसंस्थेत गहाण होतं, भिशी उचलून झाली होती आणि दवाखान्यात पैसे त्याच दिवशी भरायचे होते. ते कार्डावर भरले. आई आज काठी घेऊन का होईना, घरात चालते. त्यामुळं कार्ड वाईट, असं मी म्हणणार नाही. वाईट आहे ती किमान रकमेची वाट.

माझंच गणित मांडतो. थकबाकी ८४ हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,९४० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५२९ रुपये. झाले ३,४६९. बिलावर किमान रक्कम यायची ४,२००. ओढाताण करून ती भरली तरी मुद्दलातून सातशे-साडेसातशेच हलायचे. वर आणखी एक गोष्ट, जी आमच्या यार्डात बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत बंद होते. आईची औषधं कार्डावर घेतली, तर त्यांनाही घेतल्या दिवसापासून व्याज. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय. तो असतो बारीक अक्षरात, आणि महिनाअखेरीला माणूस फक्त आकडा बघतो.

दिवाळीच्या आधी मी सगळी थकबाकी ईएमआयमध्ये, म्हणजे ठरलेल्या मासिक हप्त्यांत, बदलून घेतली. मुदत २४ महिने, व्याज वर्षाला १६ टक्के. हप्ता बसला ४,११३ रुपये. हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी वेगळा, त्यामुळं पहिल्या महिन्यात ४,३०० च्या थोडं वर गेले. पुढं व्याज घटतं तसा जीएसटीही घटतो. म्हणजे खिशातून जातात जवळजवळ तेवढेच पैसे, पण कर्जाला शेवटची तारीख मिळते. दोन वर्षांचं मिळून व्याज आणि जीएसटी साधारण १७,४०० होतं. जुन्या पद्धतीनं एवढे पैसे पाच महिन्यांत व्याजातच जिरत होते. बायकोला वहीवर हे मांडून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, “अहो, मग हे आधी कुणी सांगितलं का नाही?” मलाही तेच वाटतं. वसुलीसाठी फोन करणाऱ्या माणसानं कधी हा पर्याय काढला नाही.

खटकलेल्या गोष्टीही सांगतो. सुरुवातीला प्रक्रिया शुल्क कापलं गेलं. थकबाकी बदलल्यावरही पुढच्या बिलात जुन्या दरानं थोडं व्याज आलं. बिल निघाल्यापासून रक्कम बदलेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज होतं, पण फोनवर याची कल्पना कुणी दिली नव्हती. कार्डाची मर्यादा लगेच मोकळी होत नाही, हप्ता फिटेल तशी थोडी थोडी सुटते. माझ्या दृष्टीनं हे बरंच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं : हप्ता पूर्णच्या पूर्ण किमान रकमेत धरला जातो. तो चुकला की उशिराचं शुल्क, आणि थकलेल्या रकमेवर पुन्हा तेच साडेतीन टक्के.

म्हणून तारखेचा बंदोबस्त आधी करा. आमचा पगार ७ तारखेच्या पुढं होतो आणि बिल भरायची शेवटची तारीख होती ५. दर महिन्याला कुणाकडून तरी हातउसने घ्यावे लागायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बिलाचं चक्र, म्हणजे बिल निघायची नि भरायची तारीख, बदलून घ्यायची सोय आहे. मी कस्टमर केअरला ती मागितली, आता तारीख १८ आहे. व्याज कमी झाल्याचा आनंद झालाच, पण झोप लागायला लागली ती या तारखेमुळं. भरायला उशीर झालाच, तर तीन दिवसांच्या आत दंड लावता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

हळदीचे सौदे जोरात असतात तेव्हा रात्री उशिरापर्यंत पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, कराव्या लागतात, त्याचे जादा पैसे मिळतात. ते कर्जात घालावेत म्हटलं, तर माझी बँक मध्येच थोडी रक्कम घेत नाही. बंद करायचं तर सगळंच एकदम, ३ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी देऊन. वर्ष भरेल तेव्हा मुद्दल ४५ हजारांच्या आसपास उरेल. शुल्क सोळाशेच्या घरात जाईल आणि पुढच्या बारा हप्त्यांतलं पावणेपाच हजारांच्या जवळपास व्याज नि जीएसटी वाचेल. तेवढी रक्कम साठेल का, सांगता येत नाही. सध्या जादा पैसे वेगळ्या खात्यात टाकतोय.

घरात मोकळं सोनं असेल तर मी ईएमआयऐवजी बँकेचं सोनेतारण कर्ज घ्या असंच सांगेन, ते याहून स्वस्त पडतं. सेटलमेंटच्या, म्हणजे बँकेशी तडजोड करून कमी पैशांत खातं मिटवायच्या, वाटेला मात्र घाईनं जाऊ नका. थोडी रक्कम माफ होते, पण कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो आणि उद्या मुलीच्या शिक्षणाला कर्ज हवं असेल तेव्हा तो आडवा येतो. ईएमआयला फोनवर हो म्हणण्याआधी वार्षिक व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी बंद करायचं शुल्क विचारा, हप्त्यांचा तक्ता ईमेलवर मागवा. तक्रारीला बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. त्याला एक रुपयाही लागत नाही.