डॉल्फिनमध्ये एफ४: टर्मिनलची पट्टी काही महिने वापरल्यावर

केडीई प्लाझ्मा या लिनक्सवरच्या डेस्कटॉपवर डॉल्फिन हा फाईल मॅनेजर आहे. त्यात एफ४ दाबलं की खिडकीच्या तळाशी टर्मिनलची, म्हणजे कमांड टाईप करून काम करण्याची पट्टी उघडते. सोय जुनीच आहे, पण रोजच्या कामात ती नेटाने वापरायला मी सुरुवात केली ती गेल्या काही महिन्यांत. तोवर माझी सरळ वाटणी होती: रोजचं काम माऊसने, आणि काही अडलं तरच टर्मिनलची वेगळी खिडकी. ती वाटणी आता मोडलीय. कमांड लाईन मला सगळ्यात जास्त कामाला येते ती डेस्कटॉपच्या आत, चिन्हं आणि खिडक्या समोर असतानाच.

या पट्टीची खरी गंमत अशी की ती आणि वरची खिडकी एकाच फोल्डरमध्ये राहतात. वर फोल्डर बदललं की खाली आपोआप सीडी (फोल्डर बदलायची कमांड) होतं. खाली सीडी केलं की वरचं दृश्यही बदलतं. लांबलचक पाथ (फाईलचा पूर्ण पत्ता) टाईप करण्याचा कंटाळा हे टर्मिनल टाळण्याचं माझं सगळ्यात मोठं कारण होतं, ते यामुळे संपलं. वेगळी टर्मिनल खिडकीच हवी असेल तर शिफ्ट एफ४ आहे, तीही त्याच फोल्डरमध्ये उघडते. एखाद्या फाईलचा पाथ हवा असेल तर ती फाईल ओढून टर्मिनलवर सोडायची. छोटा मेनू येतो, त्यातून पाथ चिकटवता येतो.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फोटोंच्या कामात. ढिगातून चांगले फोटो निवडायला डोळेच लागतात, त्यासाठी थंबनेलला पर्याय नाही. म्हणून निवड वर, माऊसने: हवे ते फोटो एका फोल्डरमध्ये टाकायचे. पुढे सगळ्यांना एकच गोष्ट करायची असते, लहान करणं. तिथे हात खाली पट्टीकडे जातो. इमेजमॅजिक या फोटोंवर काम करणाऱ्या साधनाच्या मॉग्रिफाय कमांडला ‘रिसाईज’ असं सांगून पुढे १६००x१६०० हे माप आणि मापाला चिकटून ‘पेक्षा मोठे’ची खूण (>) दिली की त्याहून मोठे फोटो तेवढे लहान होतात, मुळात लहान असलेल्यांना धक्का लागत नाही, आणि लांबी-रुंदीचं प्रमाणही टिकतं. हे माप अवतरणचिन्हांत ठेवायला हवं, नाहीतर शेल (टाईप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) त्या खुणेचा अर्थ ‘आउटपुट फाईलमध्ये लिही’ असा घेतं. आणखी एक गोष्ट जपायची: मॉग्रिफाय मूळ फाईलवरच लिहितं. ‘पाथ’ हा पर्याय देऊन नवीन फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये पाठवायचे. एंटर दाबून वरच्या खिडकीत ते दुसरं फोल्डर उघडलं की त्यात एकेक थंबनेल उगवताना दिसतं. काम बरोबर चाललंय का हे त्याच क्षणी कळतं, आणि नुसत्या टर्मिनलमध्ये हे समाधान मिळत नाही.

व्हिडिओचंही असंच. कुठून कुठपर्यंत कापायचं ते प्लेअरमध्ये बघून ठरवते आणि कापायला एफएफएमपेग ही व्हिडिओची कमांड लावते. त्यात ‘कॉपी’ हा कोडेक दिला की व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि मोठी फाईलही झटक्यात कापून होते. फक्त काप नेमक्या फ्रेमवर पडेलच असं नाही, तो कीफ्रेमच्या (मधूनमधून येणाऱ्या, पूर्ण साठवलेल्या फ्रेमच्या) हिशोबाने पडतो. भाषणाच्या ध्वनिचित्रफितीला तेवढं चालतं.

क्लिपबोर्डबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायलाच हवं. डेस्कटॉप पडद्यावर दाखवणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेवर डब्ल्यूएल-कॉपी आणि डब्ल्यूएल-पेस्ट, आणि जुन्या एक्स११वर एक्सक्लिप, ही छोटी साधनं टर्मिनलला डेस्कटॉपच्या क्लिपबोर्डशी जोडतात. ब्राउझरमधून नावांची वेडीवाकडी यादी कॉपी करायची, मग टर्मिनलमध्ये डब्ल्यूएल-पेस्ट, पाईप (एका कमांडचा निकाल पुढच्या कमांडला देणारी उभी रेघ), सॉर्ट, पाईप, युनिक, पाईप, डब्ल्यूएल-कॉपी. एवढ्यात यादी क्रमाने लागते, दुबार नावं जातात, आणि निकाल पुन्हा क्लिपबोर्डवर येऊन बसतो. पत्रात किंवा स्प्रेडशीटमध्ये कंट्रोल व्ही केलं की काम झालं. मधे एकही फाईल तयार होत नाही. पाईप युनिक्समध्ये १९७३ साली आली. इतकी जुनी कल्पना आजच्या ब्राउझर आणि स्प्रेडशीटच्या मधे इतकी चपखल बसते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

बॅकअपसाठी आरसिंक ही कमांड. फाईल मॅनेजरने मोठं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर पुन्हा कॉपी करायला घेतलं की ‘ही फाईल आधीच आहे, काय करू’ हा प्रश्न येतो. आरसिंक फाईलचा आकार आणि बदलाची वेळ बघून जेवढं बदललंय तेवढंच नेतं. आधी ‘ड्राय रन’ लावून काय जाणार ते वाचायचं, मग खरोखर चालवायचं. स्रोत फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरच जातं, हे पक्कं लक्षात ठेवावं. कमांडच्या शेवटी नोटिफाय-सेंड जोडलं की काम संपल्यावर डेस्कटॉपवर सूचना झळकते. तोपर्यंत मी खुशाल दुसऱ्या खिडकीत असते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. टर्मिनलमध्ये कंट्रोल सी म्हणजे चालू काम थांबवणं, कॉपीसाठी कंट्रोल शिफ्ट सी. बोटांना ही सवय लागायला वेळ जातो. आरएम कमांडने काढलेली फाईल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. म्हणून मी जीआयओ ट्रॅश वापरते, त्याने काढलेली फाईल डेस्कटॉपच्या कचरापेटीत सापडते आणि परत आणता येते. सगळ्यात जास्त त्रास देवनागरीचा. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं, त्यामुळे मराठी नावांतली जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटून दिसतात. फाईल बरोबर उघडते, टॅब दाबून नावही पूर्ण होतं, पण वाचायला कष्ट पडतात. अशा वेळी नाव वरच्या खिडकीत वाचायचं आणि फाईल ओढून खाली टाकायची, हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

चार-दोन फाईली हलवायच्या असतील किंवा पानाची मांडणी करायची असेल तर ही पट्टी उघडूही नये. पण ज्याला तेच काम अनेक फाईलींवर पुन्हा पुन्हा करावं लागतं, त्याने ती जरूर वापरून बघावी. कमांड पाठ करायची गरज नाही, कंट्रोल आर दाबून एक-दोन अक्षरं टाईप केली की जुनी कमांड समोर येते.

जी कमांड अशी वारंवार शोधावी लागते, ती मी आता डॉल्फिनच्या राइट क्लिक मेनूत बसवते. त्यासाठी ‘डेस्कटॉप’ प्रकारची छोटी फाईल लिहावी लागते, बस्स. मग घरात ज्यांना टर्मिनलचं नाव काढलेलंही नको, तेही तीच कमांड माऊसने चालवतात. सध्या मेनूत फोटो लहान करणं आणि पीडीएफमधून मजकूर काढणं एवढं आहे. पुढचा नंबर आरसिंकचा, फक्त त्यात आधी ड्राय रनचा निकाल खिडकीत दाखवून मगच विचारायची सोय करायचीय.