'युगांडा' घ्यावी की 'बॅक टू ऱ्हिदम'?

मित्राचा मेसेज आला, "अकिरा इशिकावाच्या दोन जुन्या एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्डी, पुन्हा निघाल्यात. पैसे एकीपुरतेच आहेत. कुठली घेऊ?" फोनवर मी अर्धा तास बोललो आणि त्याचा गोंधळ आणखी वाढवून ठेवला. शेवटी तोच म्हणाला, बाबा, लिहून पाठव. म्हणून हे लिहिलंय.

इशिकावा हा टोकियोतल्या स्टुडिओंमधला सतत मागणी असलेला जॅझ ड्रमर. त्याच्या बँडचं नाव काउंट बफेलोज. आफ्रिकेच्या प्रवासाने तो पुरता झपाटला आणि त्या झपाट्यातून 1972 साली 'युगांडा' आली. जपानी मुखपृष्ठावर तिचं उपशीर्षक आहे, 'आफ्रिकन रॉकची पहाट'. 'बॅक टू ऱ्हिदम' आली 1975 साली. ब्रिटनच्या मिस्टर बाँगो कंपनीने दोन्ही पुन्हा छापल्या, म्हणून तर आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या. मूळ जपानी प्रतींच्या मागे लागायचं असेल तर तो खेळ वेगळा, आणि त्यात मी तरी नाही.

आधी 'युगांडा'. सबंध तबकडीवर चारच रचना. पहिलीचं नाव 'वन्यामा ना मापाम्बाझुको', पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत 'प्राणी आणि पहाट'. नावाप्रमाणेच ती उजाडत उजाडत येते, हातांनी वाजवलेले ड्रम आणि माणसांचे आवाज घेऊन. रॉकच्या सवयीने ऐकायला बसलेला माणूस इथेच चुळबुळायला लागतो. पुढे किमिओ मिझुतानीची गिटार शिरते. फझ लावलेली, म्हणजे सूर मुद्दाम फाडून खरखरीत केलेली. या आवाजाची मला वाटणारी गंमत अशी की गिटार इथे यजमान नाही. ढोल आधीपासून घरात बसलेत, ती उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी, पण तावातावाने बोलते. सॅक्सोफोनवर ताकेरू मुराओका आहे.

ऐकताना एक गोष्ट करून बघ. गिटार सोडून दे आणि फक्त हाताच्या थापेकडे कान लाव. ढोल-ताशा ऐकत वाढलेल्याला ताशाची तडतड आणि ढोलाचा घुमारा वेगळे करायची सवय असतेच, ती इथे कामी येते. काठीने वाजवलेला ड्रमसेट एका जागी टिच्चून उभा असतो. हाताची थाप त्याच्या किंचित पुढे-मागे लपाछपी खेळते. हा खेळ ऐकू आला की रचना लांबलेली वाटत नाही. नाही आला, तर ती संपता संपत नाही.

मी ही रेकॉर्ड पहिल्यांदा मोठ्याने लावली ती एका रविवारी दुपारी. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाले, "गणपतीची प्रॅक्टिस आत्तापासून?" आणि दारातच उभं राहून थोडं ऐकलं. गिटार आल्यावर मात्र गेले.

'बॅक टू ऱ्हिदम' ऐकताना काका शेवटपर्यंत थांबले असते. हे सरळसरळ नाचायचं संगीत आहे, फंक. यातली बरीचशी गाणी दुसऱ्यांची. नायजेरियाचा संगीतकार फेला कुटीचं 'लेट्स स्टार्ट' आहे, जे फेलाने इंग्रज ड्रमर जिंजर बेकरला सोबत घेऊन केलेल्या 1971 च्या लाइव्ह अल्बममध्ये आहे. शिवाय 'बाँगो रॉक' आणि 'पिक अप द पीसेस'. सगळं चटपटीत, नेमकं, स्टुडिओत मुरलेल्या माणसांनी घासून पुसून वाजवलेलं. ब्रास सेक्शन, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकवाद्यांचा ताफा, असा कडक की एकही सूर इस्त्री मोडलेला सापडत नाही. माझी तक्रारही नेमकी तीच. 'लेट्स स्टार्ट'मध्ये फेलाच्या मंडळींचा ठेका ऐसपैस पसरून बसतो. जपानी आवृत्ती ताठ बसते. वाईट नाही, पण मूळ ऐकलं असेल तर फरक पहिल्या मिनिटातच कळतो.

आता 'आफ्रिकन' या शब्दाबद्दल. आफ्रिकन वाद्यसंगीत हवं म्हणून यातली कुठलीही घेणार असशील, तर घेऊ नकोस. दोन्ही टोकियोच्या आहेत. 'युगांडा' म्हणजे प्रवासाहून परतलेल्या माणसाने जे डोक्यात भरून आणलं त्याचा पसारा. त्यात भाबडेपणा आहे, थोडा सफारीचा चष्माही आहे. शेवटच्या रचनेचं नाव 'पिग्मी' आहे, मध्य आफ्रिकेतल्या बुटक्या लोकांना बाहेरच्यांनी चिकटवलेला शब्द; आज कुणी असं नाव ठेवताना दोनदा विचार करेल. बाकीची नावं स्वाहिली आहेत, पण युगांडाची राजधानी कंपालाच्या आसपास रोज बोलली जाते ती लुगांडा भाषा. दुसऱ्या रचनेच्या नावातलं, 'ना तु पेंडा साना'मधलं, पेंडा म्हणजे आवडणं आणि साना म्हणजे फार. इशिकावाचं एकूण प्रकरण या दोन शब्दांतच आलं म्हणायचं.

आणि 'युगांडा 1972' हे शब्द आपल्याकडे वेगळेच वाजतात. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यात गुजराती सर्वांत जास्त, पण सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारी गोव्याची कुटुंबंही होती. या रेकॉर्डचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तरीही तिसऱ्या रचनेचं नाव वाचताना मी अडखळतो. नाव आहे 'विता', म्हणजे युद्ध.

तुला फक्त मिझुतानीची गिटार हवी असेल, तर एक तिसरी वाटही आहे. लव्ह लिव्ह लाइफ प्लस वन या बँडच्या 1971 च्या अल्बममध्ये तोच वाजवतो, आणि सुरुवातीलाच सतरा मिनिटांच्या वर चालणारी रचना आहे. तिथे गिटारला मोकळं रान आहे, ढोलांशी वाटून घ्यायची गरज नाही. सायकेडेलिक रॉक म्हणून तो अल्बम 'युगांडा'हून जास्त बेभान आहे. पण तुझा प्रश्न तो नव्हता.

व्यवहाराचं थोडं बोलतो. 'युगांडा' छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावलीस तर फझ आणि ढोल मिळून गिच्च गोळा होतो. खालचे आवाज वेगळे ऐकवणारे बऱ्यापैकी स्पीकर किंवा हेडफोन हवेतच. 'बॅक टू ऱ्हिदम' स्वयंपाकघरातल्या डबड्या स्पीकरवरही चालते, चार पाहुणे आले तरी लावता येते. 'युगांडा' पाहुण्यांत लावू नकोस. मी लावली होती. पहिल्या पाच मिनिटांत दोघांनी विचारलं, "सुरू कधी होणार?"

बाहेरून मागवताना रेकॉर्डच्या किमतीवर पाठवणीचा खर्च आणि कस्टम चढतं, त्यामुळे दोन्ही मिळून एकाच पार्सलमध्ये मागवणं शेवटी स्वस्त पडू शकतं. पण दोघींचे पैसे नाहीत म्हणतोस, तर ते जाऊ दे. विकणारा पुठ्ठ्याचे दोन जाड तुकडे घालून पाठवतो का, हे आधी विचार. माझी एक एलपी पापडासारखी वाकून आली होती. सुई तिच्यावर होडीसारखी हेलकावे खात होती, आणि परत पाठवायचा खर्च रेकॉर्डच्या किमतीएवढा. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी धरते, तेव्हा बाहेरून प्लास्टिकचं कव्हर घाल आणि भिंतीला चिकटून ठेवू नकोस. पुण्यात एवढ्यावर भागतं. कोकणात असतास तर सीडी घे म्हणालो असतो.

माझं मत विचारशील तर 'युगांडा'. 'बॅक टू ऱ्हिदम'सारखं चांगलं फंक त्या काळात बऱ्याच ठिकाणी बनत होतं, अमेरिकेत तर ढिगाने. 'युगांडा'सारखं दुसरं पटकन आठवत नाही. पण मी महिन्यातून एकदाच ती लावतो, हेही खरं. दुसरी कितीतरी जास्त वाजते, आणि रेकॉर्ड शेवटी वाजवायलाच घ्यायची असते.

म्हणून असं कर. पैसे भरण्याआधी ऑनलाइन 'युगांडा'ची पहिली रचना लाव. हेडफोन, रात्रीची वेळ, फोन दुसऱ्या खोलीत. गिटार येईपर्यंत फोन आणायला उठलास, तर दुसरी मागव.