जीपमध्ये डिझेल इंजिन बसवताना: चेंबर कापायचं की बदलायचं, फिल्टर कुठे लावायचा

गेल्या महिन्यात धाराशिवहून मामेभावाचा फोन आला. जीपचं जुनं पेट्रोल इंजिन उतरवून झालं होतं, डिझेल इंजिन साखळीवर लटकत होतं. "दादा, फाउंडेशन, म्हणजे इंजिन टेकायच्या जागा, जुळतंय, पण चेंबर पुढच्या ॲक्सलला लागतंय. मिस्त्री म्हणतो कापू. कापू का?" चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं. मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं. इंजिन बदलताना बेल हाउसिंग, क्लच, रेडिएटर यांचा हिशोब आपण आधी करतो. ऑइलचा विचार मात्र इंजिन चेसिसवर टेकताना सुरू होतो, आणि त्या घाईत घेतलेला निर्णय मला एकदा क्रँक ग्राइंडिंगपर्यंत घेऊन गेला आहे.

आधी एक कायद्याची बाब. गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी असेल तर 2021 च्या नियमांनुसार तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा ही त्यातली अट आहे. म्हणजे हरिकेन, हे जीपचं मूळ पेट्रोल इंजिन, काढलं की तो रस्ता बंद. मूळ इंजिन दुरुस्त होण्यासारखं असेल तर याचा विचार नक्की करा. बदलायचंच ठरलं तर आरटीओची परवानगी आधी घ्या, मग पाने हातात घ्या.

आता चेंबर. जीपला पुढे सलग ॲक्सल आहे आणि तो इंजिनाच्या पुढच्या भागाखाली वरखाली होतो. त्याचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गोळा, मध्यावर नसून एका बाजूला आहे. जीपचं मूळ चेंबर हे सगळं धरूनच केलेलं असतं. आपण आणतो ते इंजिन बहुतेक वेळा फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतलं असतं, आणि तिथे चेंबरची खोली पुढे असली तरी अडत नाही. म्हणून गाडी सपाट जमिनीवर उभी असताना घेतलेलं माप कामाचं नाही. जॅक लावून पाटे पूर्ण दाबा, ॲक्सल रबरला टेकू द्या आणि मग चेंबर किती लांब राहतंय ते बघा. मामेभावाने तसं मोजलं तेव्हा वरून दोन बोटं दिसणारी जागा पूर्ण संपली होती.

रस्ते दोनच आहेत असं मी मानतो. इंजिन वर उचलून बसवणं हा तिसरा सांगितला जातो, पण त्यात प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, पंखा रेडिएटरच्या मध्यातून सरकतो आणि बॉनेट लागतं. तो सोडून द्या.

पहिला रस्ता: त्याच इंजिनाचं फोर बाय फोर गाडीतलं चेंबर शोधणं. एकच इंजिन दोन प्रकारच्या गाड्यांत गेलं असेल तर बऱ्याचदा चेंबर दोन वेगळी असतात. हे मिळालं तर सगळ्यात उत्तम, कारण कंपनीने ऑइलची पातळी, ऑइलचे हेलकावे अडवणारे आतले पडदे, पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीची जागा हे सगळं एकत्र ठरवलेलं असतं. मात्र नुसतं चेंबर आणून भागत नाही. जाळीचा पाइप म्हणजे स्ट्रेनर, डिपस्टिक आणि तिची नळी हे त्याच जोडीतलं हवं. भंगारवाला चेंबर देतो, स्ट्रेनर दुसऱ्याच इंजिनासोबत गेलेला असतो. तो मिळेपर्यंत पैसे देऊ नका. शिवाय डायनॅमोच्या मागे व्हॅक्यूम पंप असलेल्या इंजिनात पंपातलं ऑइल एका नळीने चेंबरमध्ये परत येतं. बदली चेंबरला ते तोंड नसेल तर ते कुठे काढायचं हे आधी ठरवावं लागतं. ही गोष्ट भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते.

दुसरा रस्ता: आहे तेच चेंबर कापून खोली मागे नेणं. आपल्याकडे हे काम करणाऱ्या हातांची कमी नाही. वाळूज, चिकलठाणा, जालना इथल्या वसाहतींत पत्र्याचं आणि लेथचं उत्तम काम करणारे लोक आहेत. पत्र्याचं चेंबर असेल तर कापा. ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर माझा सल्ला नाही असाच आहे. वर्षानुवर्षं ऑइल मुरलेल्या ओतीव धातूला वेल्डिंग नीट धरत नाही, आणि पाणंदीतल्या दगडावर पत्रा चेपतो तिथे ॲल्युमिनियम तडकतं.

माझी चूक इथेच झाली होती. गॅरेजवाल्याने चेंबर पुढून कापून उथळ केलं, मागे खोल केलं, आणि जाळी मात्र होती तिथेच, पुढे, जरा आखूड करून ठेवली. सपाटीवर सगळं ठीक चालायचं. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना ऑइल मागे साचलं, जाळी उघडी पडली आणि पंप हवा ओढू लागला. ऑइलच्या दाबाचा काटा खाली आला. वर पठारावर पोचल्यावर तो पुन्हा उभा राहिला म्हणून मी मीटरलाच दोष दिला आणि तसाच फिरत राहिलो. दोन महिन्यांनी इंजिन खडखडू लागलं. खोललं तेव्हा बेरिंगांचा वरचा थर झिजून खालचा तांबडा थर दिसत होता.

तेव्हा कापणार असाल तर नियम एकच धरा: खोली जिथे जाईल तिथे जाळी गेली पाहिजे. जाळी आणि चेंबरचा तळ यांत 6 ते 10 मिलिमीटर अंतर ठेवा. कमी असेल तर ऑइल ओढताना अडतं, जास्त असेल तर चढावर हवा येते. हे मोजायला कणकेचा छोटा गोळा तळावर ठेवा, पॅकिंगसकट चेंबर बसवून दोन बोल्ट आवळा आणि पुन्हा काढा. दबलेल्या कणकेची जाडी म्हणजेच तुमचं अंतर. पाइप लांबवला असेल तर त्याला ब्लॉकला धरणारी पट्टी द्या, नाहीतर थरथरीने तो मुळाशी तुटतो.

आकारमान कमी होऊ देऊ नका. हरिकेनमध्ये चार लिटरच्या आसपास ऑइल मावतं. अडीच लिटरच्या डिझेल इंजिनांना पाच-सहा लिटरच्या घरात लागतं. उथळ केलेला भाग बाजूंना फुगवून भरून काढता येतो: 20 सेंटिमीटर लांब, 10 रुंद आणि 5 उंच एवढा कप्पा म्हणजे बरोबर एक लिटर. वेल्डिंग करताना चेंबरची कड जुन्या ब्लॉकला किंवा जाड प्लेटला बोल्टने आवळून ठेवा, नाहीतर ती वाकते आणि मग कुठलंच पॅकिंग टिकत नाही. गळती तपासायला जुनी रीत आजही चोख आहे. सांध्यांवर बाहेरून चुना लावून वाळवा, आत रॉकेल किंवा डिझेल ओता, रात्रभर ठेवा. सकाळी चुन्यावर ओला डाग दिसला तर तिथे भोक आहे.

दोन्हींत निवडायचं तर जोडीचं चेंबर मिळत असेल तेव्हा थोडे दिवस आणि जास्त पैसे गेले तरी मी तेच घेईन. मिळत नसेल तर कापलेलं पत्र्याचं चेंबरही आयुष्यभर चालतं, फक्त काम तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे.

ऑइल फिल्टरचा प्रश्न तुलनेने सोपा. इंजिनावर मूळ जागी फिल्टर राहतोय, आणि बदलताना हात पोचतोय, तर त्याला हात लावू नका. प्रत्येक जादा सांधा ही गळतीची एक जागा असते. स्टिअरिंग किंवा चेसिस आडवं येत असेल तेव्हाच फिल्टर लांब बसवा. अडॅप्टर लेथवर करून मिळतो, पण आटे नीट तपासा. पाऊण इंची, इंचाला 16 आट्यांच्या निपलवर 20 मिलिमीटरचा, दीड पिचचा (आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेला) फिल्टर चढतो आणि बसल्यासारखा वाटतो, पण ढिला असतो. दाब आला की उडू शकतो. फिल्टरमधला बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर ऑइलला वाट देणारी झडप) तुमच्या इंजिनाला हवा की तो ब्लॉकमध्येच आहे, हेही आधी बघा.

नळ्यांच्या बाबतीत मराठवाड्याची एक सोय आहे. ट्रॅक्टर आणि जेसीबीमुळे तालुक्याच्या गावीही हायड्रॉलिक पाइप करून देणारं दुकान सापडतं. आतून किमान अर्धा इंच व्यासाचा पाइप घ्या, काटकोनी वळणं टाळा, सायलेन्सरपासून लांब बांधा. पाइप कापताना आत पडलेला रबराचा भुगा डिझेलने धुवून काढा, कारण फिल्टरकडून परत येणाऱ्या नळीतला भुगा थेट बेरिंगात जातो. जाणारी आणि येणारी नळी उलटी लागली तर फिल्टरमधला झडपेचा रबर वाट अडवतो, हे जोडतानाच खुणेने पक्कं करा.

हरिकेनच्या बाजूचा जुना डबा-फिल्टर पुन्हा वापरायचा मोह होतो. तो थोडंच ऑइल गाळून परत चेंबरमध्ये सोडतो, बारीक नळ्यांवर चालतो. नव्या इंजिनाचं सगळं ऑइल त्यातून फिरवू नका.

ऑइल कूलर? उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-43 वर जातो म्हणून बरेच जण विचारतात. टर्बो नसलेल्या इंजिनाला मी लावत नाही. रेडिएटर साफ असणं जास्त महत्त्वाचं.

ऑइलच्या दाबाचा मीटर मात्र हवाच. जीपचा तांब्याच्या नळीचा जुना मीटर डोळ्याला सुंदर दिसतो आणि खरा दाब दाखवतो, पण थरथरीने नळी चिरते, म्हणून इंजिनाजवळ तिला दोन वेढे द्या. जपानी इंजिनाच्या भोकाचे आटे आणि अमेरिकन जोडाचे आटे दिसायला सारखे, पण इंचाला 28 आणि 27 असे वेगळे असतात. जबरदस्तीने आवळले तर ब्लॉकचे आटे जातात. मी टी लावून एका तोंडाला मीटर आणि दुसऱ्याला दाब पडला की दिवा पेटवणारा स्विच ठेवला आहे. घाटात लक्ष रस्त्यावर असतं, तेव्हा दिवा आधी दिसतो.

पहिल्यांदा चालू करताना ऑइल पंपात हाताने ऑइल भरा, डिझेल बंद ठेवून थोडा-थोडा सेल्फ मारा, आणि काटा उठेपर्यंत इंजिन पेटवू नका. जुनी डिपस्टिक नव्या चेंबरला चालत नाही. गाडी सपाटीला उभी करून मोजून ऑइल ओता, फिल्टर भरल्यानंतर पट्टीवर जिथे ओल येईल तिथे नवी खूण कोरा. मामेभावाला फोर बाय फोरचं चेंबर नांदेडला मिळालं, स्ट्रेनरसकट. व्हॅक्यूम पंपाच्या नळीचं तोंड तेवढं लेथवाल्याकडून करून घ्यायचं राहिलं आहे.