रेसिडेन्सीचे सुरुवातीचे नकार: प्रत्येक मेल आपणच उघडावा, की दुसऱ्याच्या नजरेखालून येऊ द्यावा?

सप्टेंबर संपत येतो, अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी (डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण) ईरास या ऑनलाइन यंत्रणेवर टाकलेले अर्ज प्रोग्रामना, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या हॉस्पिटलांना, दिसायला लागतात, आणि पहिला नकार कधी कधी त्याच आठवड्यात येऊन पडतो. इंटरव्ह्यूच्या इनव्हाइटचा पत्ता नाही आणि 'रिग्रेट' मात्र साचत चाललेत, ही अवस्था आपल्यापैकी बहुतेक आयएमजींच्या (अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरांच्या) वाट्याला येते. त्या दिवसांत कसं वागावं याच्या दोन रीती मी सिनियर्सकडून ऐकल्या होत्या. एकाच सीझनमध्ये दोन्ही वापरल्या.

पहिली रीत अशी: मेल आला की लगेच उघडायचा, शीटमध्ये नोंद करायची, नकाराचं कारण शोधायचं आणि जमलं तर प्रोग्रामला फेरविचाराची विनंती करायची. दुसरी: मेलचा आवाज पूर्ण बंद ठेवायचा, येणारे मेल घरच्या भरवशाच्या माणसाकडे फॉरवर्ड करायचे, त्याने इनव्हाइट असेल तरच फोन करायचा, आणि नकार सगळे रविवारी एका बैठकीत बघायचे. माझा कल दुसरीकडे आहे. पण पहिलीच्या बाजूने बोलण्यासारखंही बरंच आहे, म्हणून ते आधी.

पहिलीची जमेची बाजू

सुरुवातीला येणारे नकार बहुतेक वेळा तुमचं पर्सनल स्टेटमेंट वाचून दिलेले नसतात. २०२५च्या मॅचला (उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या जोड्या लावणारी प्रक्रिया) ५२,४९८ जणांनी नोंदणी केली होती आणि जागा होत्या ४३,२३७. एवढे लोक प्रत्येकी कितीतरी प्रोग्रामना अर्ज टाकतात, त्यामुळे प्रोग्रामचं ऑफिस आधी फिल्टर लावतं: व्हिसा देतो की नाही, ग्रॅज्युएशनला किती वर्षं झाली, यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेचे अटेम्प्ट किती, तिच्या स्टेप टूचा स्कोर काय. जानेवारी २०२२पासून स्टेप वन नुसती पास-नापास झाली, तेव्हापासून आकड्यावर निवड करायची तर हाताशी स्टेप टूच उरली. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले नकार मुख्यतः या फिल्टरमधले असावेत, असं माझं मत आहे.

म्हणूनच ते वेळेवर वाचण्यात अर्थ असतो. नकार देणारे सगळेच प्रोग्राम व्हिसा न देणारे निघाले, तर गडबड अर्जात नसून यादीत आहे. उलट, जिथे व्हिसा, वायओजी (ग्रॅज्युएशनचं वर्ष), स्कोर सगळं बसत होतं तिथूनच पटापट नकार येत असतील तर त्याच दिवशी मायईरास (ईरासवरचं आपलं खातं) उघडून बघावं: यूएसएमएलई ट्रान्सक्रिप्ट त्या प्रोग्रामला गेलंय का, शिफारसपत्रं जोडली आहेत का, पर्सनल स्टेटमेंट योग्य शाखेचंच लागलंय का. माझ्या एका बॅचमेटचं एक शिफारसपत्र निम्म्या प्रोग्रामना जोडायचंच राहिलं होतं. तो मेल रोज वाचत होता म्हणून त्याच्या ते लवकर लक्षात आलं. रविवारची वाट बघितली असती तर आणखी काही दिवस तसेच गेले असते.

सिग्नलचंही तेच. सिग्नल म्हणजे एखाद्या प्रोग्राममध्ये आपल्याला खास रस आहे असं अर्जासोबत कळवायची खूण; गोल्ड म्हणजे सर्वांत जास्त रस. इंटर्नल मेडिसिनमध्ये तीन गोल्ड आणि बारा सिल्व्हर सिग्नल मिळतात. सिल्व्हरवाल्याने नाही म्हटलं तर चालतं, पण गोल्ड दिलेल्या प्रोग्रामचा नकार पहिल्याच आठवड्यात आला तर त्याकडे थोडं थांबून बघायला हवं.

इथपर्यंत पहिली रीत सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. अडचण अशी, की रात्री दीड वाजता आलेला नकार वाचून कोणी शांतपणे शिफारसपत्रं तपासत नाही. माणूस 'माझ्यात कमी काय आहे' इथे जातो. आणि मेलमध्ये त्याचं उत्तर नसतं. 'अर्ज फार आले, निवड कठीण होती, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा' एवढंच सगळीकडे. कारण लिहिलेला नकार माझ्या तरी बघण्यात आला नाही.

माझा निर्णय कशाने झाला

आता ज्याने माझं ठरलं ती गोष्ट. ती वरवर किरकोळ वाटेल. नकार आणि इनव्हाइट एकाच दाराने येतात आणि दारातून आत येईपर्यंत दोघांचा चेहरा सारखाच असतो.

विषयाची ओळ बघा: 'आपल्या अर्जाबाबत', पुढे प्रोग्रामचं नाव. दोन्हीकडे तेच. फोनच्या स्क्रीनवर मेलची पहिली ओळ दिसते, तीही तीच: 'थँक यू फॉर युवर इंटरेस्ट इन अवर प्रोग्राम'. त्यापुढे 'वुई आर प्लीज्ड' आहे की 'अनफॉर्च्युनेटली', ते मेल उघडल्याशिवाय कळत नाही. मी जीमेलला फिल्टर लावून बघितला. 'इंटरव्ह्यू' हा शब्द असलेल्या मेललाच आवाज यावा, असा. पण 'आम्ही तुम्हाला इंटरव्ह्यू देऊ शकत नाही' या वाक्यातही तोच शब्द असतो, त्यामुळे नकारही त्याच आवाजात वाजू लागले. 'अनफॉर्च्युनेटली' असलेले मेल बाजूला काढायचा विचारही केला, पण इनव्हाइटमध्येही 'दुर्दैवाने तारखा मोजक्याच आहेत' असं वाक्य येऊ शकतं, आणि तेवढ्यापायी इनव्हाइट हुकण्याची जोखीम मला नको होती.

मग आवाजच बंद का करू नये? कारण इनव्हाइट थांबत नाही. उपलब्ध तारखांतून स्लॉट निवडायचा असतो आणि चांगल्या तारखा आधी उघडणाऱ्याला मिळतात. काही ठिकाणी तर उशीर झाला की थेट वेटलिस्ट. त्यात भारतात बसून अर्ज करणाऱ्यासाठी वेळ उलटी. पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. पश्चिम किनाऱ्यावरचा कोऑर्डिनेटर पाचला घरी जातो तेव्हा आपली पहाट, साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की हे सगळं आणखी एक तास पुढे सरकतं. म्हणजे रात्रभर फोन उशाशी, प्रत्येक आवाजाला छातीत धडधड, आणि उघडून बघावं तर बहुतेक वेळा नकार.

मला नकाराचं दुःख नव्हतं असं नाही, पण त्याहून जास्त त्रास या आवाजाचा झाला. एकदा मित्रासोबत झूमवर मॉक इंटरव्ह्यू चालला होता. 'टेल मी अबाउट अ डिफिकल्ट पेशंट' या प्रश्नाला मी माझ्या इंटर्नशिपमधली केस सांगत होतो, तेवढ्यात लॅपटॉपच्या कोपऱ्यात ती पट्टी सरकून आली: 'थँक यू फॉर युवर इंटरेस्ट'. पुढचे शब्द कापलेले. केस पाठ होती तरी मला वाक्य पुरं करता येईना. लक्ष सगळं त्या तीन टिंबांपुढे काय असेल तिकडे. मित्र म्हणाला, "अरे, खऱ्या इंटरव्ह्यूत असं झालं तर?" त्याच रात्री मी भावाला फोन केला.

दुसरी रीत प्रत्यक्षात कशी चालली

भाऊ तसाही उशिरापर्यंत जागा असतो. मेल त्याच्याकडे फॉरवर्ड होऊ लागले. माझ्या फोनवर मेलचा आवाज बंद, आणि त्याच्या नंबरला वेगळी रिंगटोन. ठरलेलं एवढंच: इनव्हाइट असेल तर कितीही वाजता फोन कर, नकार असेल तर त्याबद्दल काहीच बोलू नको. रात्री फोन वाजला म्हणजे चांगलीच बातमी, हे शरीराला कळायला थोडे दिवस गेले. कळल्यावर मात्र झोप लागायला लागली. हे मी मोजलेलं नाही, पण मॉक इंटरव्ह्यूत माझं बोलणं त्यानंतर सुटसुटीत झालं असं मित्राचंही म्हणणं होतं.

स्लॉट मीच बुक करायचो. इंटरव्ह्यू शेड्युलिंगचे आणि मायईरासचे पासवर्ड दुसऱ्याला देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. भावाचं काम फक्त मला उठवायचं.

या रीतीतही गैरसोयी आहेतच. घरात कोणीतरी तुमचे सगळे नकार तुमच्याआधी वाचतंय, हे सगळ्यांना रुचणार नाही. ज्याच्यावर सोपवाल त्याला इनव्हाइट आणि वेटलिस्ट यांतला फरक नीट समजावून द्यावा लागतो, कारण वेटलिस्टच्या मेललाही कधी कधी लगेच 'हो, ठेवा' असं कळवावं लागतं. भाऊ झोपल्यानंतर येणारे पश्चिमेकडचे मेल मला पहाटे उठूनच बघायला लागायचे. आणि रविवारची बैठक जड जाते, सगळे नकार एकदम समोर येतात. पण दिवसाउजेडी, चहा घेऊन, शीट उघडून वाचलेला नकार मला तरी झेपण्यासारखा वाटला. शिफारसपत्रं, ट्रान्सक्रिप्ट वगैरे तपासणी मी याच बैठकीत करायचो.

त्या शीटचा एक उपयोग मार्चसाठीही आहे. मॅच झाला नाही तर सोपमध्ये (उरलेल्या जागा भरण्याची फेरी) जास्तीत जास्त ४५ अर्ज करता येतात. व्हिसा न देणारे किंवा वायओजीवर ठाम असणारे प्रोग्राम आधीच खोडलेले असतील तर ते अर्ज तिथे वाया जात नाहीत.

पत्रं आणि पैसे

फेरविचाराचं पत्र लिहावं का? मी लिहिली. एक पत्र नीट लिहायचं म्हणजे प्रोग्रामची साइट वाचायची, कोऑर्डिनेटरचा पत्ता शोधायचा, तिथलाच प्रोग्राम का ते पटेल असं मांडायचं, संध्याकाळ जाते. आणि कारण माहीत नसताना आक्षेप कशाचा खोडणार? व्हिसाच देत नसतील तर पत्राने काय होणार? माझा अनुभव असा, की ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यापेक्षा जे अजून गप्प आहेत त्यांना लिहिलेलं पत्र कामाला येण्याची शक्यता जास्त. बरेच प्रोग्राम नकार कळवतच नाहीत, त्यामुळे गप्प असलेल्यांची यादी मोठी असते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एकदा, आणि डिसेंबर-जानेवारीत लोक इंटरव्ह्यू सोडायला लागतात तेव्हा पुन्हा एकदा, असं मी केलं. अपवाद गोल्ड सिग्नलवाल्याचा: तिथे नकारानंतरही एक छोटं, नम्र पत्र पाठवायला हरकत नाही.

पैशांचं मात्र जपा. रात्री नकार वाचून हात सरळ 'ॲड प्रोग्राम'कडे जातो. २०२५च्या सीझनपासून एका शाखेत पहिल्या ३० प्रोग्रामना प्रत्येकी ११ डॉलर आणि ३१व्यापासून प्रत्येकी ३० डॉलर लागतात. घाबरून २० वाढवले की ६०० डॉलर गेले, आणि तेही अशा ठिकाणी जिथे इनव्हाइट वाटायला कदाचित आधीच सुरुवात झालेली असते. वाढवायचेच असतील तर रविवारी, व्हिसा आणि वायओजीचे निकष साइटवर बघून वाढवा.

दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी एक ध्यानात असू द्या: एका प्रोग्रामचा नकार दुसऱ्याला दिसत नाही. मॅचचा अल्गोरिदम उमेदवाराच्या पसंतीक्रमापासून सुरू होतो आणि ज्यांनी इंटरव्ह्यूला बोलावलंच नाही त्यांचा त्यात काही संबंध येत नाही. ऑक्टोबरमध्ये किती नकार आले, हे फेब्रुवारीत रँक लिस्ट भरताना कोणी विचारत नाही. २०२५मध्ये नॉन-यूएस (अमेरिकेचे नागरिक नसलेल्या) आयएमजींचा मॅच होण्याचा दर ५८ टक्के होता, आणि त्यांतल्या बहुतेकांनी नकार बघितलेले असणार हे उघड आहे.

कोणाला काय बरं

तुम्ही ऑब्झर्व्हरशिपसाठी अमेरिकेतच असाल, मेल दिवसा येत असतील, तर पहिली रीत फारशी जाचणार नाही. अर्ज मोजकेच असतील किंवा ओबीजीवायएनसारख्या (स्त्रीरोग आणि प्रसूती) शाखेत असाल, जिथे बरेच प्रोग्राम आधी जाहीर केलेल्या दिवशीच इनव्हाइट काढतात, तरीही पहिली चालेल. त्या शाखेत बाकीच्या दिवशी फोनवर पहारा द्यायची गरज फारशी नसते. काहींना माहिती नसण्याचा त्रास नकारापेक्षा जास्त होतो, त्यांनीही आपापलं उघडत राहावं. पण भारतातून, इंटर्नल मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिनला, शंभराच्या आसपास अर्ज टाकून बसला असाल आणि एखादं भरवशाचं माणूस मिळत असेल, तर मी दुसरी सुचवेन, तीही पहिला नकार यायच्या आधीपासून.

फॉरवर्डिंग लावल्यावर दुसऱ्या खात्यावरून एक चाचणी मेल पाठवून तो पोहोचतोय ना ते बघा. आणि जीमेल स्पॅममधले मेल फॉरवर्ड करत नाही, तेव्हा स्पॅम फोल्डर मात्र रोज संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी तुमचा तुम्हीच उघडा.