मे महिन्यात एस्प्रेसो मागून बघा

नागपुरातला कॅफे चांगला आहे की नाही, हे डिसेंबरात कळत नाही. थंडीत सगळ्यांचीच कॉफी बरी लागते. मे महिन्यात दुपारी चारला, पारा ४५ वर असताना, बिनदुधाची एस्प्रेसो, म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेली छोटी घट्ट कॉफी, मागवावी. ग्राइंडर तापलेला असतो, बीन्सची पिशवी सकाळपासून उघडी असते, मशीनवरचा पोरगा घामाघूम झालेला असतो. तरीही कप दाट आला आणि शेवटच्या घोटापर्यंत स्वच्छ लागला, तर ते दुकान वर्षभर भरवशाचं. धरमपेठ, रामदासपेठ, गोकुळपेठ, सदर या भागांत आता इतके कॅफे झालेत की अशी काहीतरी कसोटी हवीच. खुर्च्या, कुंड्या आणि पिवळे दिवे बघून काही कळत नाही.

पाटीवर 'स्पेशालिटी' लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. शब्दाला मात्र अर्थ आहे. न भाजलेल्या, हिरव्या बीन्सच्या ३५० ग्रॅमच्या नमुन्यात मोठा दोष एकही नसावा आणि चाखणीत १०० पैकी निदान ८० गुण मिळावेत, अशी अरेबिका जातीची कॉफी म्हणजे स्पेशालिटी. भारतातलं जवळपास ७० टक्के उत्पादन रोबस्टा या दुसऱ्या जातीचं आहे, म्हणजे उरलेल्या अरेबिकातूनही निवडून काढलेला हा माल. काउंटरवर दोनच प्रश्न विचारा: बीन्स कुठल्या मळ्याचे, आणि भाजले कधी? तारीख न सांगता 'एकदम फ्रेश आहे सर' असं उत्तर आलं, तर सरळ दुधाची कॉफी घ्या. काळी घेऊन पैसे घालवू नका.

ताजं म्हणजे आज भाजलेलं, हाही एक गैरसमज. भाजल्यावर बीन्समधून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. तो निघून जाण्याआधीच एस्प्रेसो काढली की फेस उंच येतो, पाणी पुडीतून एकसारखं जात नाही आणि चव टोचते. गाळून केलेल्या कॉफीसाठी आठवडाभर, एस्प्रेसोसाठी दहा-बारा दिवस बीन्स निवू द्यावेत. दीड-दोन महिन्यांनंतर चव उतरते, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. या बाबतीत शहराची एक बाजू भक्कम आहे: इथे स्वतःचा रोस्टर, म्हणजे बीन्स भाजणारा, आहे. कॉरिडॉर सेव्हन हे नाव देशभरातल्या कॉफीवाल्यांना ठाऊक आहे, आणि ते सुरू करणारे मिथिलेश वझलवार राष्ट्रीय बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांच्या) स्पर्धेचे विजेते आहेत. बीन्स गावातच भाजले जात असतील, तर बेंगळुरूच्या कुरिअरची वाट बघत ट्रकमध्ये तापण्यातून ते वाचतात.

आता पाणी. निम्म्या कॅफेंची कॉफी इथेच बिघडते आणि दोष बिचाऱ्या बीन्सवर जातो. नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांमध्ये बोअरचं, तेही काळ्या पाषाणातलं, म्हणून जड. जड पाण्याने बॉयलरमध्ये खार बसतो, म्हणून मालक आरओ लावतो. मशीन वाचतं, कॉफी मरते. कॉफीच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला साधारण १५० मिलिग्रॅम असावेत. ७५ ते २५० पर्यंत चालतं. घरगुती आरओतून बऱ्याचदा २०-३० चंच पाणी येतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमच नाही, तर चव ओढून काढणार कोण? आंबटपणाला आवर घालणारे बायकार्बोनेटही गेलेले असतात. म्हणून कप एकाच वेळी पातळ आणि आंबट लागतो. नेमकी हीच तक्रार 'लाइट रोस्ट (हलकी भाजलेली कॉफी) आपल्याला झेपत नाही' अशी ऐकू येते.

उपाय स्वस्त आहे. विरघळलेले क्षार मोजणारा, काही शे रुपयांचा टीडीएस मीटर घ्यावा. गाळलेलं नळाचं पाणी ३०० आणि आरओचं ३० असेल, तर ४ लिटर नळाचं आणि ५ लिटर आरओचं मिसळलं की बरोबर १५० होतं. मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, त्यात मीठ किती आणि कॅल्शियम किती हे सांगत नाही. म्हणून बोअरच्या पाण्यावर या हिशेबाने जाऊ नका; त्याला आधी जडपणा मोजायची पट्टी लावा. चांगल्या दुकानात आरओमागे क्षार परत मिसळणारी वेगळी कांडी असते. 'पाणी कोणतं वापरता?' या प्रश्नावर बरिस्ताचा चेहरा खुलला, तर बसा.

एस्प्रेसोचं सर्वसाधारण गणित १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. गडबड ग्राइंडरपाशी होते. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. पुडीत स्थिर वीज तयार होते, पूड ग्राइंडरच्या तोंडाला चिकटते, काउंटरभर उडते; १८ ग्रॅम बीन्स टाकले तरी खाली १७ च पडतात. एकेका कपाचे बीन्स मोजून दळत असाल, तर आधी त्यांच्यावर पाण्याचा एक थेंब चोळला की हे थांबतं. घरच्या हातग्राइंडरलाही हाच नुस्खा. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं: दमट हवेत पुडीच्या गुठळ्या होतात आणि पाणी मोकळी वाट शोधून एका बाजूने पळतं. एसीच्या दुकानात हे जरा सावरतं. पण समोर कूलर लावलेला असेल आणि त्याचा ओला झोत थेट ग्राइंडरवर येत असेल, तर बाहेरचं हवामान काहीही असो, बीन्सना तिथे रोजच पावसाळा. म्हणून सकाळी एकदा ग्राइंडरचा जाड-बारीकपणा ठरवून दिवसभर तोच चालवणाऱ्या दुकानात दुपारनंतर एस्प्रेसो घेऊ नये. शॉट, म्हणजे एस्प्रेसोची धार, लवकर पडला तर दळण बारीक, रेंगाळला तर जाड, हे दिवसातून तीन-चारदा करावंच लागतं. काउंटरवर वजनकाटा आणि टायमर दिसत नसेल, तर ते होत नाही असं समजा.

पोअर-ओव्हर, म्हणजे पुडीवर हाताने गरम पाणी ओतून गाळलेली कॉफी, दोनशे रुपयांच्या वर जाते, त्यामुळे मागवण्याआधी बरिस्ताकडे वेळ आहे का ते बघा. १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी. आधी ४५ ग्रॅम ओतून ४० सेकंद थांबणं, मग उरलेलं दोन-तीन धारांत, एकूण अडीच ते तीन मिनिटं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, म्हणजे पाणी इथे ९९ अंशांवर उकळतं. हलक्या भाजणीला ९४-९६ चालेल. गडद भाजणीला ९० च्या वर नेलं की राखेची चव येते. रविवारी संध्याकाळी गर्दीत ही कॉफी मागवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पुरणपोळी तव्यावरून मागण्यासारखं. मंगळवारी अकराला जा.

दुधाच्या कॉफीत नागपूरकरांचं एक खास भांडण आहे: 'भाऊ, हे तं थंडं आहे ना!' कट चहा जीभ पोळेल इतका गरम प्यायची सवय, आणि कॅपुचिनोचं दूध मात्र ६०-६५ अंशांवर थांबवायचं असतं. ७० च्या पुढे दुधाचा गोडवा जातो, उकळल्याचा वास येतो, फेस खरबरीत होतो. दूध आणखी तापवायला सांगू नका. कप गरम पाण्याने शेकून द्यायला सांगा. तेवढ्याने पाच मिनिटं जास्त टिकतं. उन्हाळ्यात दूध फ्रीजमधून काढून लगेच वाफेखाली गेलं पाहिजे. बाहेर राहून ते २५-३० अंशांना आलं, तर फेस विणायला वेळच उरत नाही. आणि कपावर चित्राऐवजी साबणाचे बुडबुडे दिसतात. ६ टक्के स्निग्धांशाचं फुल क्रीम दूध दाट लागतं खरं, पण हलक्या भाजणीची चव त्याखाली दबून जाते. चव कळायला हवी असेल तर कप छोटा घ्या, दूध गाईचं मागा.

संत्र्याची कॉफी हा मात्र आपल्या गावाचा हक्काचा प्रकार, आणि त्यातच जास्त फसवणूक होते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आणि तरी पेल्यात पुष्कळदा डब्यातला रस असतो. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आसपास येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. जूनमध्ये कोणी 'ताज्या नागपुरी संत्र्याची' एस्प्रेसो विकत असेल, तर फळ दाखवा म्हणा. थंडीत किन्नू हा संत्र्याचा भाऊबंदही बाजारात असतो. तो जास्त आंबट, साल अंगाला घट्ट. नागपुरी संत्र्याची साल सैल, फोडी सहज सुटतात.

दुसरी गोष्ट मोठ्या हौशीच्या दुकानांनाही माहीत नसते. हा रस काढल्यावर गोड लागतो आणि थोड्या वेळाने कडू होतो. फोडींच्या पातळ सालीत आणि बियांत एक बिनचवीचा घटक असतो. रसाच्या आंबटपणात त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं, आणि ते कडू. त्यावर कॉफी पडली की दोन कडूपणा एकमेकांवर चढतात. सकाळी काढून बाटलीत ठेवलेल्या रसाची कॉफी संध्याकाळी औषधासारखी का लागते, त्याचं कारण हे. मिक्सरमध्ये फोडी फिरवल्या तर बिया चिरडतात आणि सगळं आणखी लवकर घडतं. रस हाताने दाबून, गाळून, समोर काढलेला हवा. ९० मिलिलिटर रस, पेलाभर घट्ट बर्फ आणि वरून हळूच डबल शॉट. दोन थर दिसले पाहिजेत. बीन्स नॅचरल पद्धतीने, म्हणजे फळासकट, वाळवलेले आणि मध्यम भाजलेले असावेत. गडद भाजणी इथे चालत नाही. साखरेचा पाक घालणाऱ्या दुकानाचा रसावर विश्वास नाही, एवढंच समजायचं.

कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात तासन्‌तास भिजवलेली कॉफी, हिच्याबद्दल एकच विचारा: फ्रीजमध्ये भिजवता की बाहेर? एक भाग पूड, आठ भाग पाणी, फ्रीजमध्ये १४-१६ तास हे ठीक. मे महिन्यात बाहेर ठेवलं तर स्वयंपाकघरच ३८-४० अंशांवर असतं. पूड जास्त उतरते, वास आंबूस येतो आणि पोटाचीही हमी नाही. त्यापेक्षा बर्फावर गाळलेली पोअर-ओव्हर मागवा: २० ग्रॅम पूड, १८० ग्रॅम गरम पाणी, खाली १२० ग्रॅम बर्फ. वास टिकतो, आणि केलेली डोळ्यांसमोर दिसते. आइसक्रीम घातलेली घट्ट, गोड कोल्ड कॉफी ही वेगळीच चीज आहे. ती इन्स्टंट पावडरचीच चांगली लागते. तिच्यात महागडे बीन्स घालणं म्हणजे तर्रीत केशर.

आणि स्पेशालिटीच्या नादात जुनं विसरू नये. सदरच्या इंडियन कॉफी हाऊसमागे १९५७ च्या आसपासची मोठी गोष्ट आहे: कॉफी बोर्डाने कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. तिथे चाखणीचे गुण विचारायचे नसतात. दाक्षिणात्य उपाहारगृहांतली फिल्टर कॉफी सकाळी नऊच्या आत प्यावी, कारण डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) सकाळी निघतं आणि संध्याकाळपर्यंत तेच पुन्हा तापवलं जातं. त्यात चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) २०-३० टक्के असते. तिने दाटपणा येतो, सुगंध नाही.

घरी बीन्स नेणार असाल, तर २५० ग्रॅमहून मोठी पिशवी घेऊ नका, दळून तर मुळीच नका. आणि उन्हाळ्यात ती स्कूटरच्या डिकीत ठेवून मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, भाजी घ्यायला जाऊ नका. बंद डिकी कॅफेच्या ग्राइंडरपेक्षाही जास्त तापते. खांद्यावरच्या पिशवीत घ्या, आणि भाजी आधी उरका.