दिवाळीच्या सुट्टीतला ‘भरलेला’ व्हिक्टोरिया फॉल्स: पैसे भरण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या सुट्टीत आफ्रिकेतला, झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया फॉल्स दाखवणारी टूर घेत असाल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी थोडं थांबा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्या धबधब्याला वर्षातलं सगळ्यात कमी पाणी असण्याचे महिने आहेत. झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा तर तेव्हा कोरडा पडलेला असतो. धबधब्याजवळच्या, झांबियातल्या लिव्हिंगस्टन गावातल्या टॅक्सीवाल्यालाही हे माहीत असतं, मग वर्षानुवर्षं तिथे माणसं नेणाऱ्या टूरवाल्याला माहीत नसेल कसं? आम्हाला एप्रिलमधले फोटो दाखवून ऑक्टोबरची टूर विकली गेली. तिथे पोचल्यावर पाणी नाही म्हणून आम्ही हळहळत होतो, तेव्हा त्या हळहळीवरही आणखी डॉलर उकळले गेले.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. झांबेझी नदी, तिच्यावरचा हा धबधबा, खालचं करीबा धरण हे सगळं तिने फळ्यावर खडूने काढून शिकवलेलं. पंचाहत्तरी झाल्यावर तिने एकच गोष्ट मागितली, तो धबधबा बघायचा. म्हणून आम्ही ही टूर घेतली. माणशी अडीच लाखांच्या वर खर्च होता. माहितीपत्रकावर छापलं होतं, ‘दोन्ही देशांतून व्हिक्टोरिया फॉल्सचं संपूर्ण दर्शन’. फोटोत काठोकाठ पाणी आणि आभाळात चढलेले तुषार.

पैसे भरण्याआधी आईनेच एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटी पाणी असतं का? त्याचं उत्तर माझ्याकडे अजून आहे: ‘मॅडम, तिकडे ऋतू उलटे असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला त्यांचा पावसाळा सुरू होतो. बेस्ट टाइम आहे.’

या उत्तराकडे नीट बघा, कारण फसवणुकीचं मूळ इथेच आहे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे खरं. तिकडचा पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पडतो, हेही खरं. आपल्याकडे पाऊस लागला की पंधरा दिवसांत ठोसेघर कोसळायला लागतो, त्यामुळे ‘पावसाळा सुरू’ म्हटलं की आपलं मन पुढचं चित्र आपसूक पुरं करतं. पण झांबेझीचं तसं नाही. ती झांबियाच्या वायव्य टोकाला उगम पावते, अंगोलातून फिरून परत झांबियात येते आणि मग बारोत्सेच्या अफाट पूरमैदानात पसरते. तिथे ते पाणी मुरत, रेंगाळत पुढे सरकतं. त्यामुळे पावसाचा जोर ओसरायला लागतो तेव्हा धबधब्यावर पूर येतो, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, काही वर्षी मेपर्यंत. एप्रिलमध्ये सरासरी सेकंदाला ३,००० घनमीटरच्या आसपास पाणी पडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते साधारण ३०० वर येतं. दहा पटींचा फरक. पाऊस सुरू होणं आणि धबधबा भरणं यांत तिथे महिन्यांचं अंतर आहे, आणि भूगोल शिकवलेल्या बाईलाही पटेल अशा बेताने एजंटाने दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध एक खोटी गोष्ट बसवली.

लिव्हिंगस्टनला उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला झांबियाच्या बाजूच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. हा धबधबा सुमारे १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच आहे. समोरासमोर दोन कडे, मधे अरुंद घळ, आणि आपण पलीकडच्या कड्यावरून बघायचं अशी रचना. झांबियाच्या बाजूने जो भाग समोर येतो त्याला ईस्टर्न कॅटरॅक्ट म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे काळ्या बेसॉल्टची उघडी भिंत होती. नाइफ एज नावाच्या पादचारी पुलावर पुराच्या दिवसांत माणूस नखशिखांत भिजतो, तिथे आमचे चष्मेसुद्धा ओले झाले नाहीत. लांब डावीकडे पाण्याच्या काही धारा दिसत होत्या. नदीचं पात्र पश्चिमेकडे, म्हणजे झिम्बाब्वेच्या बाजूला, जास्त खोल आहे. पाणी आटत गेलं की उरलेलं सगळं तिकडे वळतं. शिवाय झांबियाच्या बाजूला १०८ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, तेही धबधब्याच्या वरून पाणी घेतं. आई कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिने स्थानिक गाइडला विचारलं, इथे पाणी कधी असतं? त्याने सरळ सांगितलं, एप्रिलमध्ये या. त्या माणसाला लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

आमच्याबरोबर एजंटाचा तिथला प्रतिनिधी होता. लोक चिडलेत हे बघून तो म्हणाला, दुपारी झिम्बाब्वेची बाजू आहे ना. दुपारी त्याने माणशी दहा डॉलर ‘सीमा परवान्याचे’ म्हणून घेतले आणि आम्हाला दोन देशांना जोडणाऱ्या पुलावर नेलं. हा पूल १९०५ सालचा, पाण्यापासून सव्वाशे मीटरहून उंच, मधोमध देशांची हद्द. तिथे पाटीजवळ सगळ्यांना उभं करून फोटो काढले आणि जाहीर केलं, आता तुम्ही झिम्बाब्वेत आहात. माहितीपत्रकातलं ‘दोन्ही देशांतून’ हे वचन त्याच्या लेखी इथे पुरं झालं! पुलावरून घळ सुंदर दिसते, बंजी उडी मारणारी पोरं दिसतात, पण धबधब्याचा एखादा तुकडाच दिसतो. आणि ज्या चिठ्ठीवर आम्ही पुलावर गेलो, तो ब्रिज पास इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवला की फुकट मिळतो. खिडकीवरच्या बाईंना मी परत येताना विचारून खात्री केली. दहा डॉलर कोणत्याही सरकारकडे गेले नव्हते.

पुलावर आणखी एक प्रकार चालतो, तोही सांगून ठेवतो. तांब्याची कडी, लाकडी पाणघोडे, न्यामिन्यामी या नदीदेवतेची कोरलेली पदकं विकणारी मुलं मागे लागतात. त्यांतले बहुतेक पोटासाठी राबणारे आहेत, घासाघीस करून घ्यायला हरकत नाही. पण कुणी ‘बँकेपेक्षा चांगला भाव देतो, डॉलर बदला’ म्हणाला तर हात खिशातून काढू नका. झांबियाने १ जानेवारी २०१३ ला आपल्या क्वाचा या चलनाची तीन शून्यं कापली, जुने हजार म्हणजे नवा एक. जुन्या पन्नास हजारांच्या नोटा अजून हिंडतात आणि नवख्या माणसाला त्या घबाड वाटतात. आमच्या गटातल्या एका काकांच्या हातात अशीच चळत पडली होती. हॉटेलातल्या मुलीने बघताक्षणी सांगितलं की या चलनातून गेलेल्या आहेत. झिम्बाब्वेच्या २००८-०९ मधल्या महागाईतल्या शंभर ट्रिलियन डॉलरच्या नोटेचंही तसंच. आठवण म्हणून घ्यायची तर घ्या, चलन म्हणून ती मेलेली आहे.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर खरी विक्री झाली. प्रतिनिधी म्हणाला, भरलेलं पाणी बघायचंच असेल तर ‘झिम्बाब्वे स्पेशल’ सहल आहे: खास गाडी, व्हिसा, प्रवेश, गाइड, आणि माणशी एवढे डॉलर, रोख. आकडा ऐकून टेबल गप्प झालं. आपापलं जाऊ म्हणावं, तर आमचे झांबियाचे व्हिसा एकेरी प्रवेशाचे काढलेले. बाहेर पडलं की परत यायला पुन्हा व्हिसा, आणि घरी जायचं विमान लिव्हिंगस्टनहूनच. ‘दोन्ही देश’ विकणाऱ्याने व्हिसा मात्र एकाच देशाचा आणि एकाच प्रवेशाचा काढला होता. हे नजरचुकीने झालं यावर माझा विश्वास नाही. प्रतिनिधीकडे रकमेची छापील पावती तयार होती, म्हणजे हा दुसरा हप्ता आधीपासूनच ठरलेला होता.

आईसाठी मी पैसे भरले. गटातल्या निम्म्या लोकांनी नाही भरले. एक निवृत्त जोडपं, ग्रॅच्युइटीतून आलेलं, दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या व्हरांड्यात बसून राहिलं. इतक्या लांब येऊन, धबधब्यापासून काही किलोमीटरवर. त्यांच्याबद्दल मला आजही संताप येतो.

झिम्बाब्वेच्या बाजूला ऑक्टोबरमध्येही पाणी असतं, हे आवर्जून सांगायला हवं. डेव्हिल्स कॅटरॅक्ट आणि मेन फॉल्स हे धबधब्याचे तिकडून दिसणारे भाग आम्हाला वाहताना दिसले. समोरच्या जंगलात वर्षभर तुषारांचा पाऊस पडतो, म्हणून तिथली झाडं आजूबाजूच्या रखरखाटात हिरवीगार. आई तिथे भिजली. डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या पुतळ्यापाशी उभी राहून तिने मला कुठून नदी येते, कुठे वळते ते हाताने दाखवलं. या दर्शनाबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट पैसे योग्य ठिकाणी गेले असते तर मी आनंदाने दुप्पट दिले असते. पण ती ‘खास गाडी’? झिम्बाब्वेच्या सीमाचौकीपासून उद्यानाचं फाटक चालत काही मिनिटांवर आहे. झांबियाचं फाटक त्यांच्या चौकीला लागूनच. आणि व्हिसाचे म्हणून आमच्याकडून जे घेतले, त्यापेक्षा चौकीवरच्या पावतीत लिहिलेली रक्कम बरीच कमी होती. पावती प्रतिनिधी स्वतःकडे ठेवत होता, मी मागून घेतली. तुम्हीही मागून घ्या.

त्याच प्रतिनिधीने गटातल्या दोन तरुणांना कोरड्या खडकांवरून चालत डेव्हिल्स पूलला नेण्याचीही तयारी दाखवली होती. ते डबकं अगदी कड्याच्या ओठावर आहे. पाणी कमी असताना लिव्हिंगस्टन बेटावरून परवानाधारक संस्था तिथे नेते, होडीने. उद्यानातून खडकांवरून गुपचूप नेणारे वेगळे. पोरांच्या आईवडिलांनी साफ नकार दिला, बरं झालं.

परत आल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. परदेशी टूरच्या पैशांवर विक्रेत्याने टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा प्राप्तिकर, गोळा करून सरकारकडे भरायचा असतो, आणि तो आपल्या पॅनवर फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या नावावर जमा कराच्या तक्त्यात, दिसतो. आमच्या बिलात टीसीएस लावला होता. २६एएसमध्ये तो कुठेच नव्हता. टूरच्या दर्जावर वाद घालता येतो, पण भरलेला कर खात्यावर दिसत नाही यावर एजंटाकडे उत्तरच नसतं. तुम्ही आधी कुठल्या टूरचे पैसे भरले असतील तर आजच तपासून बघा.

आता करण्याजोगं सांगतो. धबधब्यावरचं पाणी रोज मोजलं जातं आणि झांबेझी रिव्हर अथॉरिटी ते आकडे आपल्या संकेतस्थळावर फुकट देते. तुमच्या तारखांना मागच्या वर्षी किती पाणी होतं, ते तिथे बघा. एजंटाला फोटोचा महिना लेखी विचारा. ‘दोन्ही बाजू’ म्हणत असेल तर दोन्ही उद्यानांची प्रवेश तिकिटं किमतीत आहेत का आणि व्हिसा किती प्रवेशांचा, हे करारात लिहून घ्या. दोन्ही देशांत एकाच व्हिसावर ये-जा करण्यासाठी काझा युनिव्हिसा ही सोय २०१४ मध्ये सुरू झाली. ती कोणत्या पासपोर्टला लागू आहे ते त्या देशांच्या सरकारी पानावरच बघा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. दिवाळीशिवाय सुट्टी नसेल तर मुक्काम झिम्बाब्वेच्या बाजूलाच मागा.

आम्ही काहीजणांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, एजंटाचं ऑफिस दुसऱ्या शहरात असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला १९१५ या हेल्पलाइनवरही नोंद होते. एजंटाने लेखी उत्तर दिलं की निसर्गावर आमचं नियंत्रण नाही. आम्ही त्याला जोडलं आईला आलेलं ‘बेस्ट टाइम’चं उत्तर, माहितीपत्रक, एकेरी प्रवेशाचे व्हिसा, दहा डॉलरची पावती आणि कोऱ्या २६एएसची प्रत. त्याच्या येत्या दिवाळीच्या जाहिरातीत तोच एप्रिलचा फोटो पुन्हा आला आहे. पुढच्या तारखेला तीही जाहिरात दाखल करतो आहोत. तुमच्याकडे अशाच दिवाळी टूरचं माहितीपत्रक किंवा मेसेज असेल तर पुसून टाकू नका, तारखेसकट जपून ठेवा आणि तुमच्या जिल्ह्यात तक्रार नोंदवा.